तीनशे फुटांवरून आमची टेकडी

पहाटे पाचला साताऱ्यातून निघालो. कोरेगाव मागे पडलं, वर्धनगडाचा घाट चढून पुसेगावात चहा घेतला, तेव्हा पूर्वेकडे नुकतं तांबडं फुटत होतं. महिन्यातून एकदा तरी याच रस्त्याने दहिवडीच्या अलीकडे, आमच्या गावी जातो. या खेपेला मात्र घराकडे न वळता गाडी थेट माळावर घेतली. तिथे मेजर वाट बघत होते.

आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हे मेजर आईच्या माहेरचे. त्यांनी पॉवर्ड पॅराशूट आणलंय, रीतसर परवानग्या काढल्यात आणि हिवाळ्यात आमच्या माळावर उडायला येतात, एवढं फोनवर कळलं होतं. मला वाटलं होतं, पाठीवर इंजिन बांधून पळत सुटायचं असेल. तो पॅरामोटर. इथे मात्र तीन चाकांचा सांगाडा होता, त्यावर एकामागे एक अशा दोन खुर्च्या, मागे इंजिन आणि जाळीच्या कड्यात पंखा. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर ऑइल. लूनात घालायचो तसंच. वासही तोच आला आणि एकदम शाळेचे दिवस आठवले.

खरी गंमत कापडात आहे. मेजरांनी गाडीमागे ते पसरलं आणि एकेक दोरी हातातून सरकवत तपासत गेले. अर्धा तास! एकही गुंता, एकही काटकी चालत नाही. या कापडात ना काड्या, ना सळ्या. शेजारी शेजारी शिवलेले लांबट कप्पे; पुढून उघडे, मागून बंद. समोरून आलेला वारा आत कोंडतो आणि त्या दाबानेच कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. पतंग करणाऱ्या डोमिना जालबर्ट नावाच्या माणसाला १९६४ साली हे सुचलं. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टीव्ह स्नायडरने अशा पंखाखाली चाकांची गाडी बसवून ती बाजारात आणली. पतंगवाल्याच्या डोक्यातून निघालेलं विमान, हे मला फार आवडलं.

काठीला बांधलेलं फडकं जेमतेम हलत होतं. वारा तोंडावर घेऊन गाडी निघाली. मागचं कापड सळसळत फुगलं, उभं राहिलं आणि डोक्यावर आलं. मेजरांनी मान वर करून ते नीट सरळ उघडलंय का पाहिलं, मग पूर्ण थ्रॉटल दिला. चाकांखालचा खडखडाट अचानक थांबला. पुढच्या क्षणी बाभळीचे शेंडे पायांखाली होते.

पायांखाली म्हणजे अगदी पायांखाली. ना दार, ना काच. कानटोपीवर हेल्मेट असूनही गार वारा गालांना झोंबत होता. वर जायचं तर थ्रॉटल वाढवायचा, खाली यायचं तर कमी करायचा. वळायला पायांशी दोन दांडे. उजवा दाबला की पंखाची उजवी मागची कड खाली ओढली जाते आणि गाडी उजवीकडे वळते. वेग मात्र ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच राहतो. जास्तीची ताकद वेगात जात नाही, उंचीत जाते.

"घाई करायचं यंत्रच न्हाई हे," हेल्मेटमधल्या रेडिओवरून मेजर म्हणाले.

मी विमानाने बऱ्याचदा फिरलोय. तिथून दिसतो तो नकाशा. इथून गाव दिसत होतं. शाळूच्या रानात माळ्यावर उभी राहून पाखरं हाकणारी बाई दिसली. गोठ्यापुढचा शेणाचा उकिरडा दिसला. कोणाच्या घराच्या पत्र्यावर टायर ठेवलेत तेही दिसलं. ईशान्येला शिखर शिंगणापूरच्या डोंगराची निळी कड होती. पुढे मेंढरांचा कळप लागला, तसं मेजरांनी लांबूनच तोंड फिरवलं. आवाजाने मेंढरं बुजतात, पांगतात आणि धनगराचा अख्खा दिवस ती गोळा करण्यात जातो. असा विचार करणाऱ्या माणसाबरोबर पहिल्यांदा उडालो, हे माझं भाग्य.

मग टेकडी आली. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या ४५ दिवसांत आमच्या गावाने पाणी अडवायला या टेकडीवर चर खोदले होते. सुट्टी टाकून मीही आलो होतो. हायड्रोमार्कर, म्हणजे नळीतल्या पाण्याने पातळी दाखवणारं साधं साधन, धरून समपातळी काढायची, चुन्याची रेघ मारायची आणि दोन फूट रुंदीचा चर खणत जायचं. मुरमात टिकाव उसळायचा. दिवसभर खणून मागे पाहिलं की वाटायचं, झालंय काय, ही एवढीशी घळ! तेव्हा उभं राहून कधी अख्खी टेकडी दिसलीच नाही.

आता ती दिसली. ऊन अजून तिरपं होतं, प्रत्येक चरात सावली भरलेली होती. त्या सावल्यांच्या रेघा एकाखाली एक, टेकडीला वळसा घालत, कुठेही एकमेकींना न छेदता गेल्या होत्या. बोटाच्या ठशासारख्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, शाळेतल्या पोरांनी, आमच्या आईने खणलेल्या. माझा घसा दाटून आला. मेजरांना सांगितलं, अजून एक फेरी मारा. त्यांनी दोन मारल्या.

दुसऱ्या फेरीत लक्षात आलं. वरून तिसऱ्या चराची रेघ लिंबाच्या झाडापाशी तुटली होती आणि तिथून एक बारीक पांढरी ओघळ सरळ खाली उतरली होती. चर तिथे फुटला होता.

परतताना मेजरांनी थ्रॉटल अगदी कमी केला. आवाज पडला आणि खालून कुत्र्यांचं भुंकणं, कुठल्या तरी मोटरीची घरघर वर यायला लागली. इंजिन बंद पडलं तरी असंच उतरायचं, ते म्हणाले. पंख उघडाच असतो, फक्त समोर मोकळं रान हवं. जमीन जवळ येताच त्यांनी दोन्ही दांडे एकदम दाबले, गाडी हवेत क्षणभर रेंगाळली आणि चाकं टेकली. लगेच इंजिन बंद, कारण कापड पडताना दोऱ्या पंख्यात जाता कामा नयेत.

आठ वाजून गेले होते. ऊन तापलं की माळावरून गरम हवा उठते आणि पंख हेलकावे खातो, म्हणून मेजर घड्या घालू लागले. आता संध्याकाळी, दिवस कलल्यावर.

आमचे आण्णा धोतराचा सोगा सावरत येऊन उभे होते. भीती वाटली का, कसं वाटलं, काही विचारलं नाही. म्हणाले, "चर दिसलं का?"

"दिसले. तिसरा लिंबापाशी फुटलाय."

"मी चार डाव त्या वाटंनं गेलो, मला न्हाई दिसला." थोडा वेळ ते टेकडीकडे बघत राहिले. "फावडं घरी हाय. चल."

चहा न घेताच टेकडी चढलो. फुटलेली जागा वीतभरच रुंद होती. माती ओढून, दगड रचून ती भरून काढली, तोवर अकरा वाजले.