खोट सापडत नाही

रात्रीचा दीड वाजलाय. जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथचा 'स्ट्रेट लाइफ' अल्बम तिसऱ्यांदा ऐकून झाला आणि खोट सापडली नाही. सापडली असती तर झोपले असते.

रेकॉर्डिंग २० जून १९६१चं, एंगलवुड क्लिफ्सला, व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. अल्बम आला २००७ साली. स्मिथ गेला फेब्रुवारी २००५ मध्ये. शेहेचाळीस वर्षांचं एवढं काही वाटत नाही, शेवटची दोन खुपतात.

म्हणून खोट हवी. टेप ठेवून दिली, तर काहीतरी बिघडलं असणार ना?

आधी बास, कारण ऑर्गन ट्रिओ (ऑर्गन, गिटार, ड्रम्स) फसतो तो तिथेच. बासवाला नसतोच. डावा हात खालच्या कीबोर्डवर चाल धरतो आणि डावा पाय पेडलला नुसता टोला देऊन सुटतो. पाय रेंगाळला की बासचा लगदा. इथे लगदा नाही. उजव्या हाताची मांडणी त्याची नेहमीची वाटते: पहिले तीन ड्रॉबार (स्वराचा रंग ठरवणाऱ्या सरकत्या दांड्या) पूर्ण बाहेर, सहा आत, परकशन (स्वराच्या सुरुवातीचा टकोरा) चालू, तिसऱ्या हार्मोनिकवर. या परकशनला एक खोड आहे. आधीच्या सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय पुढच्या स्वराला टकोरा मिळत नाही. बोटं चिकटली की ओळ बोथट. इथे टकोरे जागच्या जागी. टेपचा वेग? ऑर्गनची मोटर विजेच्या ६० हर्ट्झला बांधलेली, सूर हलत नाही, म्हणजे टेप चुकली तर ऑर्गनच चुगली करतो. (तोच ऑर्गन आपल्या ५० हर्ट्झवर तसाच लावला तर पांढरी एक दाबल्यावर खालची पांढरी सहा बोलते. ते दुखणं निराळं.)

गिटारवर वॉरन कुठे आड येत नाही. आणि ड्रम्सवर बेली... बेलीबद्दल आज नको.

मग दोन वर्षं आधी का नाही? एवढं नीटस काम पडून राहतं, तिथे आपल्या खणातल्या वह्या कोण... जाऊ दे.

हिशेब मांडला तेव्हा जरा हसू आलं. २५ एप्रिल १९६० या एका दिवसात दोन तबकड्यांचा माल तयार झाला. 'मिडनाइट स्पेशल' १९६१ मध्ये निघाली, 'बॅक ॲट द चिकन शॅक' थेट १९६३ मध्ये. सॅक्सोफोनवर टरंटाइन आणि गिटारवर बरेल सोबत असूनही तिला तीन वर्षं रांगेत काढावी लागली! तोवर स्वारी व्हर्व्ह या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे पोचलेली. हा गडी वाजवायचाच इतका, की काढणाऱ्यांना धाप लागावी. त्यात ही घरच्याच तिघांची टेप, पाहुणा नाही की सॅक्सोफोन नाही. मागे पडली असेल. त्याला स्वतःला तरी आठवत होती की नाही, कोण जाणे. दोन वर्षं मलाच खुपतायत बहुतेक.

तरी चौथ्यांदा लावतेय. संथ चालीत पाय रेंगाळतो का, ते हेडफोन घालून ऐकायचं राहिलंय.