बंद पडलेला क्लब, एक ट्रंक आणि तीन सह्या

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली जुनी फियाट, कायमची उतरली आणि इकडे कोल्हापुरात माझा फोन वाजायला लागला. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेव आरटीओची. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, ती संपली. टीव्हीवर हे बघून ज्यांना ज्यांना आपल्या गोठ्यात, बोळात नाहीतर आंब्याखाली उभी असलेली फियाट आठवली, त्या सगळ्यांनी मलाच का फोन करावा? तर आमच्या पद्मिनीवाल्यांच्या क्लबच्या जुन्या पावतीपुस्तकावर ‘सहसचिव’ म्हणून माझा नंबर छापलेला होता.

“क्लब हाय का अजून?” प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच.

मी “आहे की” म्हणत गेलो. तिथंच फसलो.

खरं तर क्लब नव्हता. २००४ साली तो सुरू झाला तेव्हा गाड्या अकरा होत्या. पद्मिनीचं उत्पादन थांबून काही वर्षं झाली होती आणि लोक पंधरा-वीस हजारांत गाडी देऊन मोकळे होत होते. आमच्या घरची १९८६ ची. वडिलांनी नंबर लावून वाट बघून घेतलेली, म्हणून विकायला मन होईना. आमचे पहिले अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांची गाडी १९७४ ची, म्हणजे ‘प्रेसिडेंट’ हे नाव जाऊन ‘पद्मिनी’ आलं त्या सालातली. गाडी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापूरचे, तेव्हा ही गाडी कुर्ल्यात बनली तरी आपल्याच भागातली, असं ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

रविवारी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर जमायचं, नियम एकच: गाडी स्वतः चालवत आणायची. ढकलत आणली तरी चालेल, पण टेम्पोत घालून नाही. मग मिसळ, मग कुणाचं तरी बॉनेट उघडं, हँडलवरच्या गिअरची काडी कुठं अडकते यावर तासभर वाद. २००९ पर्यंत वहीत ४३ नावं होती. १ जानेवारीला पन्हाळ्याला जाताना घाटात एखादी गाडी गरम व्हायचीच आणि तिच्यासाठी सगळे थांबायचे. पाण्याची बाटली घेऊन शहाणपण शिकवायला वीस जण.

क्लबचं खरं वैभव मात्र एक लोखंडी ट्रंक होती. सांगलीकडच्या एका दुकानदाराने स्पेअर पार्टचा धंदा बंद केला तेव्हा आम्ही वर्गणी काढून बावीस हजारांना त्याचा उरलेला फियाटचा माल उचलला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम (आतले रबरी पडदे), पॉइंट, कंडेन्सर, किंगपिनचे संच, ब्रेकचे वॉशर किट, दोन सोलेक्स कार्बोरेटर आणि एक पूर्ण गिअरबॉक्स. ट्रंक मास्तरांच्या शेडमध्ये. पार्ट हवा असला की वहीत लिहायचं, पैसे ठेवायचे, घेऊन जायचं.

मोडलं ते इथंच. लोक म्हणतात गाड्या संपल्या म्हणून क्लब संपला. मला ते पटत नाही. गाड्या होत्या. पण काहींच्या गाड्या लग्नाला आणि शूटिंगला भाड्याने जायला लागल्या होत्या. कोल्हापुरात शूटिंग काही नवीन नाही आणि ऐंशीच्या दशकातलं दृश्य म्हटलं की पद्मिनी लागतेच. भाड्यातला दहावा हिस्सा क्लबला द्यावा की नाही, यावर दोन तट पडले. त्यातच ट्रंकेतला गिअरबॉक्स गेला. वहीत नोंद नाही. कुणी नेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०११ च्या सभेत कुणीतरी मास्तरांनाच म्हणालं, “हिशेब द्या.” मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेले. त्यानंतर ज्याला जमेल त्याने जमेल ते नेलं. पुढे क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यावर पद्मिनी कमी आणि सुप्रभात जास्त. २०२० मध्ये मास्तर गेले, तेव्हाच्या कोरोनाच्या बंदोबस्तात आमच्यातले चार जणही जाऊ शकले नाहीत.

तर नोव्हेंबर २०२३ मध्ये फोन करणाऱ्यांपैकी चौदा जण रंकाळ्यावर आले. नऊ गाड्या, बाकी पाच मोटरसायकलवर. आता लोकांना क्लब हवा होता तो आठवणींसाठी नव्हे. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं होतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, कडक होऊन तडकतात, पंपाचा डायफ्रॅम गळतो. आमच्यातले निम्मे ऊसवाले, कारखान्याचे सभासद. एक जण बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, “आमच्याच ऊसानं आमचीच गाडी खाल्ली की ओ!” गळक्या पंपाखाली गरम इंजिन म्हणजे चेष्टा नव्हे. इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटॉन रबराच्या नळ्या एकट्याने मागवल्या तर महाग, पंधरा जणांनी घेतल्या तर परवडतात. डायफ्रॅम इथल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कापून मिळतील, पण मिस्त्री म्हणाले, “पन्नास नग सांगा, दोन-चार नगाला डाय (साचा) करत नाही.”

म्हणजे पैसे हवेत. पैसे होते: सहकारी बँकेत क्लबच्या नावावर एकतीस हजार आणि काही रुपये. बँकेत गेलो तर खात्यावर शेवटचा व्यवहार २०१२ चा. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते, हे मला तिथं कळलं. पैसे बुडत नाहीत. बँकेमार्फत मागता येतात, व्याजासह. फक्त मागणारा कोण, हे सिद्ध करायचं. बँकेतून सांगितलं, “परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या नोंदीचा, ताजा उतारा आणा, सध्याच्या विश्वस्तांच्या नावांचा.”

इथून पुढची चौदा महिन्यांची गोष्ट ज्यांची एखादी संस्था कपाटात पडून आहे त्यांनी जरा नीट वाचा.

आमची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, उद्देश ‘जुन्या वाहनांचे जतन व यांत्रिक ज्ञानाचा प्रसार’. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंदवावी लागते. त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणीत कुणी आलं, गेलं, वारलं तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. आम्ही २००४ नंतर एकही दिला नव्हता. कागदोपत्री मास्तर अजून अध्यक्ष होते.

वकील शांत माणूस. म्हणाले, “आधी कोण कोण गेलं ते सांगा, मग कोण येणार ते बघू.” सात मूळ विश्वस्तांपैकी दोघे वारलेले, दोघांनी राजीनामे दिलेले. उरले तीन: मी, पुण्याला मुलाकडे राहणारे सचिव आणि, होय, गिअरबॉक्सवाले. सभा बोलवायला तिघांच्या सह्या हव्या होत्या.

आधी इतिवृत्ताची वही शोधली. मास्तरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, शेड उघडून दिली. ट्रंक रिकामीच म्हणावी लागेल. तळाशी गॅस्केटच्या कागदाखाली वही होती, वर ऑइलच्या डब्याचा गोल डाग. डागाखाली दोन्ही राजीनामे मंजूर केल्याचा ठराव अर्धा वाचता येत होता. वकिलांना तेवढ्यानेही आनंद झाला. मृत्यूचे दाखले एका घरून लगेच मिळाले, दुसऱ्या घरी तीन खेपा. पुण्याच्या सचिवांनी सही तर दिलीच, वर त्यांच्या विकलेल्या गाडीची मूळ टूलकिट दिली. “ठेवून काय करू,” म्हणाले.

गिअरबॉक्सवाल्यांकडे मी महिनाभर गेलोच नाही. शेवटी एका संध्याकाळी गेलो. त्यांनी चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “मी हरकत घेणार होतो.” मी गप्प. “पहिल्या सातात माझं नाव हाय. पन्हाळ्याच्या बॅनरवर ते कधी लावलं न्हाई तुम्ही.” एवढंच होतं बारा वर्षं मनात. सही केली. गिअरबॉक्सचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला सही हवी होती.

मग वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर रजिस्टर पोस्टाने सभेची नोटीस. ४३ पैकी १९ पाकिटं परत आली. ती फाडू नका, तोच पुरावा. सभा, उपस्थितीपत्रक, निवड झालेल्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. वकिलांनी दोन वेगळे बदल अर्ज केले, एक गेलेल्यांचा आणि एक आलेल्यांचा, आणि दोन्हींसोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. कारणात मी काहीतरी भारदस्त लिहून नेलं होतं. त्यांनी ते खोडून लिहिलं, ‘अज्ञान व आपसातील मतभेद’. दंड भरावा लागला, पण फार नाही. तारखा पडत गेल्या, मी जात गेलो.

दरम्यान तिघे कुर्ल्याला जाऊन मोडीत निघालेल्या टॅक्सींचे पार्ट घेऊन आले. काकूंची १९७४ ची गाडी पन्नाशीला पोचली, तेव्हा तिची विंटेज नोंदणी करावी असा एकाचा आग्रह. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबरही राहतो. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर. काकू म्हणाल्या, “मला महालक्ष्मीला जायचं असतं.” विषय संपला. साधी फेरनोंदणीच केली.

उतारा हातात आला, बँकेला दिला, आणखी दोन महिन्यांनी पैसे आले. पन्नास डायफ्रॅम झाले. ट्रंकेला नवं कुलूप, नवी वही, किल्ल्या दोन आणि त्या दोन वेगळ्या घरी. वहीच्या पहिल्या पानावर जुन्या मालाची यादी उतरवून काढली; समोर ‘आहे’ किंवा ‘नाही’.

यंदा १ जानेवारीला पन्हाळ्याला सतरा गाड्या गेल्या. बॅनरवर सातही नावं होती. गिअरबॉक्सवाले स्वतः चालवत आले, चढावर दुसरा गिअर असा काही सफाईने पडत होता की मागून येणारे सगळे एकमेकांकडे बघत होते. वहीत त्या ओळीसमोर मी अजून काही लिहिलेलं नाही.