पाकिटातलं एक मत

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी मतदान केंद्राध्यक्ष होते. एरवी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते आणि निवडणुकीची ड्युटी मला नवी नाही. पहाटे पक्षांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, झालं, पन्नास मतं टाकून क्लिअर केली, सील लावलं आणि सातच्या ठोक्याला पहिला मतदार आत घेतला.

साडेअकराच्या सुमारास एक आजी आल्या. यादीत वय ८४. पंच्याऐंशी पूर्ण असती तर घरबसल्या मतदानाची सोय झाली असती, पण त्या वस्तीवरून काठी टेकत आल्या होत्या. धुवट नऊवारी, आणि कमरेच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मतदान कार्ड. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत क्रमांक शोधला आणि तो माझ्याकडे बघायला लागला. त्या क्रमांकावर लाल खूण आधीच झालेली होती.

"आजी, तुमचं मत झालंय."

"कसं हुईल? मी तर आत्ता येतीया."

बोट पाहिलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

घोळ उलगडायला दहा मिनिटं लागली. त्याच भावकीत आजींच्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी एक बाई होती. नवऱ्यांची नावं मात्र वेगळी. ती बाई नऊच्या गर्दीत येऊन गेली होती. आमच्या अधिकाऱ्याने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "तितं लिवलंय की." याने वरच्या ओळीवर खूण केली. ती तिची ओळ नव्हती. कार्डावरचा फोटो यादीतल्या फोटोशी ताडून पाहिला असता तर हे झालंच नसतं. चूक आमच्या टेबलाची होती आणि केंद्राध्यक्ष म्हणून ती माझी होती.

एजंट मंडळींनी तोडगा लगेच काढला, आणि तोही सगळ्या पक्षांनी मिळून. "मॅडम, त्या बाईचा नंबर मोकळाच आहे. त्यावर आजींना देऊन टाका. बेरीज जुळतीया, कुणाची तक्रार नाही." त्यांच्या मनात खोट नव्हती. आजींचं मत मशीनमध्ये जावं, एवढंच त्यांना वाटत होतं. खरं सांगते, दोन मिनिटं मलाही ते पटलं. पण आजींनी दुसरीच्या नावावर मत द्यायचं म्हणजे कागदोपत्री आजींच्या नावावर दुसरीचं मत आणि दुसरीच्या नावावर आजींचं, असं होणार. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. उत्तर मला माहीत होतं तेच आलं : नियम ४९ पी, प्रदत्त मत. म्हणजे ज्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, त्याने कागदी मतपत्रिकेवर दिलेलं मत.

फोन लागेपर्यंत मागे कुणीतरी म्हणालं, "एका मतानं काय हुतंय." ते वाक्य मला लागलं. दरवर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, मी मुलांना एका मताची किंमतच तर सांगते. १९३५ च्या कायद्यानुसार मत मिळायचं ते जमीनजुमला, कर, शिक्षण बघून. १९४६ ला प्रांतांच्या निवडणुका याच मोजक्या मतदारांनी केल्या आणि त्यातून आलेल्या आमदारांनी संविधान सभेचे बहुतेक सदस्य निवडले. म्हणजे मूठभरांच्या मतांवर उभ्या राहिलेल्या सभेने प्रत्येक सज्ञान माणसाच्या हातात मत दिलं. बाबासाहेबांनी १९२८ लाच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता, त्याच वर्षी मोतीलाल नेहरूंच्या समितीनेही तो मांडला. संविधान मंजूर व्हायच्या आधीच मतदार याद्यांचं काम सुरू झालं होतं. काही प्रांतांत लोकांना यादीतून वगळलं जातंय, हे १९४९ च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी सभेत सांगितलं आणि निवडणुकीचं काम प्रांतांच्या हाती न ठेवता एका स्वतंत्र आयोगाकडे दिलं. आज ते कलम ३२४ आहे. त्या लोकांना या देशातल्या शेवटच्या अक्षरशून्य माणसावर केवढा भरवसा असेल! आणि हा भरवसा एकतर्फी होता. पहिल्याच निवडणुकीत, १९५२ साली, मुंबईत बाबासाहेब स्वतः हरले. तरी मताधिकार देताना चुकलो, असं त्यांनी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्या पहिल्या निवडणुकीची एक गोष्ट मला फोन कानाला लावलेला असतानाच आठवली. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. यादी करायला गेलेल्यांना उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की मतदाराचं स्वतःचं नाव हवंच. जवळपास २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. कठोर वाटतो हा निर्णय, मलाही वाटतो. पण मत हे नवऱ्याचं किंवा मुलाचं नसून तिचं आहे, हे ठसवायला दुसरा मार्ग नव्हता, असं माझं मत आहे. आणि सत्तर वर्षांनंतर माझ्या केंद्रावर घोटाळा झाला तोही नवऱ्याचं नाव न घेण्यावरूनच.

आजींना मी खुर्ची दिली आणि शेजारी बसून सगळं सांगितलं. तुमची ओळख पटलीय, चूक आमची आहे, तुम्हाला मशीनवर नाही पण कागदावर मत देता येईल, ते वेगळ्या पाकिटात राहील.

"आन मोजत्यात का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "मोजणीच्या दिवशी नाही मोजत, आजी. पुढं कुणी कोर्टात गेलं आणि कोर्टानं मागवलं, तर."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझं हाय न्हवं ते?"

"तुमचंच."

"मग द्या."

प्रदत्त मतांच्या यादीवर, म्हणजे नमुना १७ बी मध्ये, त्यांचा अंगठा घेतला, डाव्या तर्जनीवर शाई लावली. मतपत्रिका आणि फुलीचा रबरी शिक्का हातात दिला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी उमटलं. "आमच्या टायमाला ह्योच हुता. सासूसंगं पयलं मत टाकलं तवा." आडोशामागे गेल्या, बराच वेळ लागला. बाहेर आल्या त्या घडी घातलेला कागद घेऊन. मी घडी कशी घालायची ते सांगणारच होते. त्यांनी आधी उभी घडी घातली होती, मग आडवी, म्हणजे ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायला नको. मतपेट्यांच्या काळात ही घडी प्रत्येक मतदाराला शिकवावी लागे. वीस वर्षं मशीनवर बटण दाबूनही त्यांचा हात विसरला नव्हता.

जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, फुडच्या बारीला नीट बगा." मी हात जोडले.

आमचा पहिला मतदान अधिकारी तरुण आहे, दुसऱ्या शाळेतला. दिवसभर त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. त्यानंतर प्रत्येक बाईचा फोटो तो बोट ठेवून बघत होता. रांग वाढली, लोक कुरकुरले, त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा नमुना १७ सी भरताना प्रदत्त मतपत्रिकांच्या रकान्यात १ लिहिला. रात्री साहित्य जमा करण्याच्या टेबलावर ते पातळ पाकीट इतर लखोट्यांमध्ये दबू नये म्हणून मी सर्वांत वर ठेवलं आणि पोच घेतली. २३ तारखेला निकाल लागला. ते पाकीट उघडायची वेळ आली नाही.

तीन दिवसांनी शाळेत संविधान दिन. संविधान स्वीकारलं त्याला पंचाहत्तर वर्षं झाली होती. परिपाठात मुलांनी उद्देशिका म्हटली आणि नेहमीप्रमाणे "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत"ला अडखळली. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, स्वतःप्रत म्हणजे काय?"

आधी मी अर्थ सांगितला. मग सगळ्यांना वहीचं एकेक पान फाडायला लावलं, पेनाने ओली फुली काढायला सांगितली आणि घडी शिकवली. आधी उभी, मग आडवी.