तरुण संघात मतांगीकार शिकवताना

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं. त्यातून जिल्ह्यात ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या आणि पुढे १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चमध्ये आल्या, त्यांतलीच आमची एक. दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, झाला की मुलं दिसेनाशी व्हायची. काही नोकरीसाठी पुण्याला जात, पण गावात राहणारीही रविवारी संध्याकाळी शहरातल्या एका मोठ्या सभेला जाऊ लागली. तिथला संदेश ठरलेला: विश्वास असेल तर पैसा येईल, आजार राहणार नाही. आमच्यातल्या एका मुलीच्या आईचा कर्करोग बरा झाला नाही, तेव्हा तिला तिथे सांगण्यात आलं, "तुझा विश्वास कमी पडला."

हे ऐकून माझ्या जिवाचं पाणी झालं. चुकीची शिकवण माणसाला किती दुखावते, ते मला त्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसलं.

पाळकसाहेबांनी तरुण संघ माझ्याकडे सोपवला, तेव्हा पंच कमिटीत दोन सूर होते. एक म्हणे, संदेश दहा मिनिटांत आटपा, अवघड विषय नकोत. दुसरा म्हणे, गिटार देवळात नको. माझं म्हणणं असं की वेळ, वाद्य, बसायची पद्धत खुशाल बदलूया, शिकवण मात्र आणखी खोल नेऊया. एका वयस्कर पंचांना नव्या चाली मुळीच पसंत नव्हत्या. त्यांना मी रेव्हरंड टिळकांची आठवण दिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि भजनं ख्रिस्ताच्या पायाशी आणली. आज तीच आपल्याला वाडवडिलांची वाटतात. आजोबा तयार झाले, पण प्रभुभोजनाच्या उपासनेला जुनीच गीतं राहतील या अटीवर. आम्ही ती आनंदाने मानली.

गाण्यांसाठी एकच नियम केला. नवं गीत आधी चालीशिवाय मोठ्याने वाचायचं आणि त्यात ख्रिस्ताने काय केलं ते कुठे आहे, हे शोधायचं. मुलांचं एक लाडकं गाणं या वाचनात टिकलं नाही. नुसतं "मला दे, मला दे" होतं, वधस्तंभाचा पत्ताच नव्हता. मुलांनी स्वतःच ते बाजूला ठेवलं, आणि त्यांच्यातल्या एकाने स्तोत्र १०३ ला चाल बांधली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही निकेयाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची जुनी जाहीर कबुली, एकेक ओळ घेऊन वाचू लागलो. बारावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, मुलगा बापानंतरच जन्मतो ना? मग येशू देवापेक्षा धाकटा झाला." मी त्याला गप्प केलं नाही. त्याला सांगितलं, अलेक्झांड्रियाचा आरियस हेच म्हणत होता, पुत्र नव्हता असा काळ होता. आणि त्यावरूनच ३२५ साली निकेयात परिषद भरली. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला. आरियसला विरोध करणाऱ्या अथनेशियसचा मुद्दा मुलांना चटकन पटला: पुत्र स्वतःच निर्माण केलेला असेल, तर तो आपल्याला देवाशी जोडणार कसा? त्या दिवशी आठ वाजून गेले तरी कोणी उठेना.

त्या मुलीचा प्रश्न मात्र मतांगीकारापाशी सुटणारा नव्हता. तिच्यासोबत वेगळं बसून बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं वाचली. शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, तो गेला नाही. त्याचा सहकारी तीमथ्य याला पोटाचा त्रास होता आणि तो वारंवार आजारी पडे. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला पौल मिलेत शहरात आजारी सोडून आला. "पौलाचाही विश्वास कमी होता का, ताई?" असं तिनेच विचारलं, आणि मग खूप वेळ रडली. मी तिच्या आईचं नाव घेऊन प्रार्थना केली.

सगळी मुलं परतलेली नाहीत. काही अजूनही त्या सभेला जातात. पण त्यांतले दोघे-तिघे तिथे ऐकलेली वचनं वहीत टिपून शनिवारी घेऊन येतात. मग आम्ही तो अख्खा अध्याय मागून-पुढून वाचतो.