लांबी नळीला विचारायची

शनिवारी दुकान उघडून तासही झाला नव्हता, तेवढ्यात सत्तरीचे एक गृहस्थ पिस्तुलाची पेटी काखेत घेऊन आले. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढलेली, मॅगझिनवर पावडरचे राखाडी कण सांडलेले. स्लाइड पुढे जाईना म्हणून त्यांनी ती अंगठ्याने ढकलली, मग जोर लावून मागे खेचली. घरी भरलेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर आली, गोळी नळीतच रुतून राहिली.

मी अमेरिकेत, ओहायोत, एका गनस्मिथकडे म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे काम करतो. त्याआधी नऊ वर्षं भोसरीत टूलरूममध्ये डाय-फिटर होतो. तिकडे काडतूस हातात धरायचा प्रसंगच आला नाही. परवान्याशिवाय ते बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. इथे घरी शिसं ओतून, पुंगळ्या पुन्हा भरून नेमबाजी करणारे पुष्कळ.

नळीच्या तोंडाकडून पितळी रॉड घालून हलकेच ठोकलं, तशी गोळी मागे निघाली. भिंगाखाली धरली. खांद्याभोवती, म्हणजे जिथून गोळी टोकाकडे निमुळती होते तिथे, सहा चकचकीत ओरखडे, सारख्या अंतरावर. रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, कडा शिशात उमटल्या होत्या.

"पण मी काडतुसाची एकूण लांबी १.१३५ इंचच ठेवली होती. १.१६९ पर्यंत चालते ना?" ते म्हणाले.

नऊ मिलिमीटर ल्यूगर काडतुसाची कमाल लांबी तेवढीच, २९.६९ मिलिमीटर. पण ती हद्द आहे, ठेवायचं माप नव्हे. ओतीव गोळीचा खांदा बहुधा भरलेला असतो, आणि तांब्याच्या कवचाच्या गोळीपेक्षा ती व्यासाला थाऊ-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड ठेवतात. त्यांच्या जुन्या पिस्तुलात, काडतूस बसतं त्या चेंबरपुढे ऐसपैस जागा होती. नव्यात रायफलिंग जवळजवळ लगेच सुरू होतं. तेव्हा लांबी विचारायची ती त्या नळीलाच.

नळी काढून पुसली. त्यांच्याच गोळीची डमी केली, ठिणगी देणारा प्रायमर नाही, पावडर नाही. भोसरीत डाय-पंच जुळवताना ब्लू लावून स्पॉटिंग करायचो, म्हणजे निळा रंग लावून कुठे घासतंय ते बघायचो, तसंच गोळीच्या खांद्यावर काळं मार्कर फिरवलं. डमी चेंबरमध्ये सोडली, फिरवली, काढली. खांद्यावरचं काळं घासलेलं. दहा थाऊ खाली बसवलं, पुन्हा तेच. १.०९५ ला खांदा कोरा काळा राहिला, पण डमी अजूनही शेवटच्या केसभर अंतरावर अडत होती.

इथे माझी अर्धा तास वाट चुकली. मी लांबीच कमी करत राहिलो असतो. पण मार्कर मी फक्त गोळीवर लावला होता, हे लक्षात आलं आणि पुंगळीवरही लावला. तोंडाशी चकचकीत कडं! पुंगळीचं तोंड पुरेसं उमलवलेलं नव्हतं. गोळी बसताना शिसं रंध्याने तासल्यासारखं निघून तोंडाशी साचलं होतं. नऊ मिलिमीटरचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकतं, तिथला कचरा खपत नाही. नवी डमी केली. तोंड किंचित जास्त उमलवलं, गोळी बसवल्यावर टेपर क्रिंपने, म्हणजे तोंड आत दाबणाऱ्या डायने, हळूच सरळ केलं. सोडली.

टक्.

बोटाने फिरवली, मोकळी फिरली. नळी उलटी केली, आपोआप तळहातावर पडली. ओतीव गोळ्या एकसारख्या नसतात, शिवाय गोळी बसवायच्या डायमध्ये गोळीचं वंगण साचत जाऊन लांबी सरकते, म्हणून आणखी पंधरा थाऊ सोडले. १.०८०.

"मग घरातली भरलेली दोनशे काडतुसं प्रेसमध्ये घालून तेवढी खाली दाबू?"

मी नाही म्हटलं, आणि आवाज चढवून म्हटलं. पंचावन्न थाऊ म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर. पुंगळी जेमतेम १९ मिलिमीटरची. त्यात गोळी एवढी आत गेली की पावडरची जागा आक्रसते आणि दाब झपाट्याने चढतो. तो पावडरचा भार जुन्या लांबीसाठी बेतलेला होता. ती दोनशे उघडायचीच, आणि नव्या लांबीला पावडर उत्पादकाच्या तक्त्यातल्या सर्वांत कमी भारापासून सुरुवात करायची. ते गप्प झाले. हिवाळ्यातल्या किती संध्याकाळी त्यात गेल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

घरी जाऊन ते डबा घेऊन आले. गोळी उपसायच्या हातोड्याने आम्ही आळीपाळीने ठोकत बसलो. गोळ्या एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात. दोन वाजेपर्यंत साठ झाली. उरलेली ते घरी घेऊन गेले, हातोड्यासकट.