चाक उलटं फिरतंय

गुरुवार, रात्रीचे पावणेदोन

रूममेट कधीच झोपली, मी अजून चाकाशी झटापट करतेय. सबमिशन सोमवारी. अ‍ॅनिमेशनची असाइनमेंट ऐकायला एकदम सोपी होती, रोज डोळ्यासमोर असलेली एक गोष्ट घ्या आणि तिचा लूप करा, गिफ फॉरमॅट, आवाज नाही, सुरू कुठे होतं नि संपतं कुठे ते कळता कामा नये. बस. (वर्गात अर्धे जिफ म्हणतात, अर्धे गिफ. ज्याने 1987 मध्ये हा फॉरमॅट बनवला तो स्टीव्ह विल्हाइट स्वतः जिफच म्हणायचा म्हणे, तरी मी गिफच म्हणणार, तोंडात बसलंय.)

बाकीच्यांनी शहाणपणा केला, कुणी पंखा घेतला, कुणी चहाची वाफ, एकीने मांजराची नुसती शेपटी. मी घेतली कोपऱ्यावरची रसवंती. कारण काय तर उन्हाळा, रोज संध्याकाळी तिथेच बसतो आम्ही, आणि त्या मशीनच्या चाकाला घुंगरं बांधलेली असतात ती मला लहानपणापासून आवडतात. रसवंतीवाले काका म्हणाले पूर्वी लाकडी चरक असायचा, बैल गोल फिरायचा, त्याच्या गळ्यात घुंगरं, लांबून लोकांना कळायचं रस निघतोय. बैल गेला, मोटर आली, घुंगरं राहिली. हे ऐकून मी लगेच ठरवून टाकलं आणि नंतर लक्षात आलं की असाइनमेंटमध्ये आवाज नाहीये. म्हणजे ज्या गोष्टीसाठी घेतलं तीच नाही. असो.

सोमवारी पहिला टेस्ट केला. चाकाला 8 आरे, मी हिशोब केला 12 फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) एक फेरी, म्हणजे फ्रेमला 30 अंश, सगळं सुबक. प्ले केलं तर चाक उलटं फिरायला लागलं. मला वाटलं लेयर उलटे लागलेत म्हणून फ्रेमचा क्रम फिरवून बघितला, तर क्रम उलटा आणि चाक सुलट, काही कळेना. अर्धा तास गेला. मग कागदावर काढून बघितलं तेव्हा ट्यूब पेटली. आरे सगळे सारखे दिसतात, दोन आऱ्यांमध्ये 45 अंश. आरा 30 पुढे गेला की तो पुढच्या आऱ्याच्या जुन्या जागेच्या 15 अंश अलीकडे येऊन थांबतो, आणि डोळा आळशी, तो जवळचं धरतो, त्याला वाटतं पुढचाच आरा 15 ने मागे सरकला. जुन्या पिक्चरमध्ये टांग्याची चाकं उलटी फिरतात ना, तेच. रूममेट बघून म्हणाली, अगं रस परत उसात चाललाय.

मग फ्रेमला 15 अंश केलं, फेरीला 24 फ्रेम, आता सुलट. गंमत म्हणजे नुसत्या चाकाला 3 फ्रेमच पुरतात, 3 वेळा 15 म्हणजे 45, चौथी फ्रेम म्हणजे परत पहिलीच. पण घुंगरांची माळ एकाच आऱ्याला बांधलेली, ती पूर्ण फिरून आल्याशिवाय लूप मिटत नाही. एका माळेपायी 21 फ्रेम जास्त.

मंगळवारी 24 झाल्या, आणि दर फेरीला एक बारीकसा आचका. उचकी लागल्यासारखा. डोळ्यांनी सापडेना. मी शेवटी पहिली फ्रेम कॉपी करून ठेवली होती, म्हटलं शेवट सुरुवातीला नीट जुळला पाहिजे ना. रूममेट तबला शिकलीय आठ-नऊ वर्षं, तिला अ‍ॅनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही, पण ती नुसतं मांडीवर बोटं वाजवत बघत बसली आणि म्हणाली तू सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोनदा वाजवतेयस. तीनतालाच्या 16 मात्रा, 17वी म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, ती वेगळी कोण वाजवतं? पंचविसावी फ्रेम उडवली, आचका गेला. आमच्या लेक्चरमध्ये हेच तीन स्लाइडमध्ये सांगितलं होतं, मी लिहूनपण घेतलं होतं, पण डोक्यात शिरलं ते सम म्हटल्यावर.

स्पीडचं पण एक नाटक आहे. गिफमध्ये एक फ्रेम किती वेळ दाखवायची ते सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगावं लागतं, पूर्ण आकडे, मधलं काही चालत नाही. 12 फ्रेम सेकंदाला पाहिजेत तर 8.33 यायला हवं, ते देता येत नाही, मग 8 दिलं, म्हणजे झाले साडेबारा. घुंगरांना जरा घाई झाली, ते बरंच दिसतं. वर्गातल्या एकाने सुपरफास्ट पाहिजे म्हणून 1 टाकलं, तर ब्राउझरने ते मानलंच नाही आणि 10 धरून चालवलं, त्याची बुलेट ट्रेन एसटीसारखी निघाली.

आता खरा त्रास. सगळं बरोबर होतं तरी बघायला मेलेलं वाटत होतं. चाक फिरतंय, माळ फिरतेय, रस पडतोय, सगळं एका दमात सुरू एका दमात संपतंय, दुसऱ्या फेरीलाच कंटाळा. सरांनी काल बघितलं, काही बोलले नाहीत बराच वेळ, मग म्हणाले रसवंतीत माशी नसते का?

माशी! माशीशिवाय रसवंती बघितलीय कुणी? पण माशी चाकाच्या तालावर थोडीच उडणार. म्हणून रसाच्या धारेला 8 फ्रेमचं चक्र दिलं, माळेच्या झोक्याला 12, ही दोन्ही 24 मध्ये बसतात, आणि माशीला 36. मग आठवा, सहावीतला लसावि. 24 आणि 36 चा 72. म्हणजे चाकाच्या तीन फेऱ्या आणि माशीच्या दोन, तेव्हा कुठे सगळे परत आपापल्या जागी. 72 फ्रेम, पावणेसहा सेकंद. गणिताच्या बाईंना कळलं तर रडतील, आनंदाने. पण काय फरक पडला, अगदी खरं सांगते. आता माशी दर वेळी वेगळ्या क्षणी चाकासमोरून जाते आणि माणूस तिच्या मागे लागतो, लूप कुठे संपला ते शोधायचं विसरतो.

आवाजाचं मी असं केलं की माळ वरून खाली येते तिथे घुंगरं लगेच नाही खाली आणली, दोन फ्रेम वरच रेंगाळू दिली आणि मग एकदम पाडली. शेवटची दोन घुंगरं अजून एक फ्रेम उशिरा. रूममेट म्हणाली ऐकू येतंय. ती उगाच चांगलं बोलणाऱ्यातली नाही.

रंगांचं थोडक्यात, 256 च्या वर मिळत नाहीत, स्टीलच्या पत्र्यावर छान शेडिंग केलं होतं त्याचे पट्टे पट्टे पडले. डिदरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधला रंग भासवायचा) लावलं तर पत्र्यावर पुरळ उठल्यासारखे ठिपके आणि फाइल डबल, कारण सलग एक रंग असला तरच ती नीट दाबली जाते. वैतागून शेडिंगच काढलं. सपाट 22 रंग. जास्त चांगलं दिसतंय, राग येतो याचा.

आईला पाठवलं. आई : छान आहे, पुढे काय होतं? मी : पुढे काही नाही, हेच. आई : मग रस कधी देतो तो?

72 चित्रांनी हात भरून आला म्हणून रडत होते तर फाळके आठवले. दादासाहेब फाळके जेजे स्कूल ऑफ आर्टचे, 1885 ला शिकायला होते तिथे, आणि 1912 मध्ये वाटाण्याचं रोप उगवतंय ते एकेक फ्रेम करून टिपलं त्यांनी. माझ्याकडे निदान अनडू आहे, चुकलं की एक पाऊल मागे. त्यांच्याकडे रोप होतं, ते काय थांबणार होतं का. झोपते.

शुक्रवार, संध्याकाळ

फायनल एक्स्पोर्ट फोनवर घेऊन रसवंतीत गेले. गर्दी नव्हती. काकांनी हात पुसले, फोन लांब धरून बघितला, तीन-चार वेळा पूर्ण फिरू दिलं. माशी बघून हसले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे ताई, पण चाक उलटं फिरतंय."

माझ्या पोटात खड्डा. म्हटलं नाही हो काका, बघा ना, मी रोज इथे बाकावर बसून बघते, तुमचं चाक असंच फिरतं. ते परत बघायला लागले, मशीनकडे बघितलं, परत फोनकडे.

"तुम्ही तिकडं बसता," ते म्हणाले. "मी इकडं उभा असतो."

मग मला आत बोलावलं, उसाच्या मोळ्यांवरून पाय टाकत मशीनच्या मागे गेले आणि त्यांनी बटण दाबलं. खरंच उलटं. सोमवारी आलं होतं तसंच. इथून घुंगरं पण मोठ्याने वाजतात, कानाशीच. मी उभीच राहिले तिथे, एक गिऱ्हाईक आलं, दोन हाफ, बिनबर्फाचे, काकांनी मला ऊस पुढे करायला दिला.