ग कुठे ठेवू? कॉर्डच्या वहीतली चार महिन्यांची नोंद

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की गिटारवरच्या चाळीस कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, पाठ झाल्या. आता कबूल करते, त्यातल्या निम्म्याहून जास्त फक्त बोटांना पाठ होत्या, कानांना नाही. डोळे मिटून ऐकवल्या असत्या तर 'ही जरा उदास आहे' एवढंच सांगता आलं असतं. म्हणून एक नियम घातला. चार महिने एकही नवा आकार, म्हणजे बोटांची मांडणी, शिकायचा नाही, हाताशी आहेत त्याच आकारांत कुठला सूर काय काम करतो ते बघायचं. रोज अर्धा तास, कधी वीसच मिनिटं. मधे दहा-बारा दिवस बुडाले, त्याबद्दल काही बोलत नाही.

सुरुवात डी मेजरने केली, ती निव्वळ आळसापोटी, कारण आकार छोटा. चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधलं घर), दुसरी तिसऱ्यावर, पहिली दुसऱ्यावर. पहिली तार सगळ्यांत बारीक, सहावी सगळ्यांत जाड. दीड वर्ष वाजवत होते. वहीत सूर लिहून काढले तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पहिली तार सोडली तर उरलेल्या तीन तारांवर डी, ए, डी वाजतात. डीला सा म्हणा, की झालं सा, प, सा. अरे, हा तर तंबोरा! यात ना आनंद ना दुःख. जे काय ठरायचं ते पहिल्या तारेवरच्या एका बोटाने ठरतं. तार मोकळी ठेवली की ग ऐवजी रे, म्हणजे सस टू. पहिल्या फ्रेटवर कोमल ग, डी मायनर. दुसऱ्यावर शुद्ध ग, डी मेजर. तिसऱ्यावर म, सस फोर. तक्त्यात या चार कॉर्डची चार चित्रं असतात, आणि मी ती चार वेगवेगळ्या दिवशी घोकली होती!

नेहमीच्या बोटांनी हे चारही सलग वाजत नाहीत, मेजरवरून मायनरला जाताना सगळा हात उचलावा लागतो आणि तंबोरा बंद पडतो. म्हणून मधलं बोट तिसऱ्या तारेवर आणि अनामिका दुसऱ्या तारेवर रोवून ठेवली. तर्जनी पहिल्या तारेवर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटमध्ये ये-जा करते, म आला की करंगळी. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आली की मधल्या बोटाशी तिची धक्काबुक्की होते, आणि पहिला आठवडाभर तिथे शुद्ध ग ऐवजी नुसतं 'ठक्' वाजत होतं. मनगट थोडं पुढे काढल्यावर सुटलं.

या एका जागेवर तीन आठवडे गेले. आधी सरगम म्हटल्यासारखी वर-खाली करत बसले, त्यातून काही हाती लागलं नाही. मग एकदा पहिली तार चुकून वाजलीच नाही, नुसता सा-प-सा घुमत राहिला आणि ग मागाहून आला. तिथे कान टवकारले. सगळ्या तारांबरोबर समेवर ग आला की कॉर्ड हजेरीला 'उपस्थित' म्हटल्यासारखी वाजते. तोच ग दोन मात्रा थांबवून सोडला तर मधल्या वेळात ऐकणारा मनात स्वतःच एखादा ग धरून बसतो, आणि मी कोमल लावला की त्याची पायरी चुकते. रे वाजवून त्यावर बोट आपटून ग काढणं मला फार आवडलं. म वरून बोट ओढून ग वर येणं मात्र इतक्या ठिकाणी ऐकलंय की माझ्या हातून निघालं तरी उसनं वाटतं. तूर्त बंद.

दुसरा महिना जी मेजरवर गेला, आणि तो वैतागातून. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर बाकी सगळं स्वच्छ आणि जी आली की तळाशी गढूळ घुमघुम. आधी फोनला दोष दिला, मग तारांना. दोष आकारात होता. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर जी आणि पाचवीवर दुसऱ्या फ्रेटवर बी, म्हणजे ९८ हर्ट्झचा सा आणि त्याला खेटून साधारण १२३ हर्ट्झचा ग. वरच्या सप्तकात हीच जोडी गोड लागते. खर्जात त्यांचे उपस्वर एकमेकांच्या पायात येतात. उपाय सोपा निघाला. सहावी तार दाबणारं मधलं बोट जरा आडवं केलं की त्याच्या टोकाने पाचवी तार आपोआप मुकी होते. ग गेला म्हणून काही बिघडत नाही, तो वर दुसऱ्या मोकळ्या तारेवर आहेच. एक सूर कमी केला आणि कॉर्ड मोठी झाली. हे दीड वर्षात कोणी कसं सांगितलं नाही, असं वाटलं. सांगितलंही असेल, मी नवी कॉर्ड शिकण्यात गुंतले असेन.

त्याच धाग्याने पुढे गेले. खालचा जी आणि दुसऱ्या मोकळ्या तारेवरचा बी, एवढेच दोन सूर अंगठा आणि मधल्या बोटाने एकदम छेडले. यांच्यात सोळा सेमीटोनचं (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट) अंतर, मेजर टेन्थ, म्हणजे सा आणि वरच्या सप्तकातला शुद्ध ग. तिसरी तार मोकळी, तिच्यावर जी, म्हणजे सा, तर्जनीने मधूनमधून वाजत राहतो. मग खालचा सूर पाचव्या तारेवर नेला. पाचवी मोकळी आणि दुसरी पहिल्या फ्रेटवर, की रे-म. पाचवी दुसऱ्यावर, दुसरी तिसऱ्यावर, ग-प. पाचवी तिसऱ्यावर, दुसरी पाचव्यावर, म-ध. पाचवी पाचव्यावर, दुसरी सातव्यावर, प-नि. पाचव्या आणि दुसऱ्या तारेवरच्या बोटांत दोन फ्रेटचं अंतर पडलं की जोडी मेजर, एकाचं पडलं की मायनर. सगळा मेजर-मायनरचा पसारा दोन बोटांच्या अंतरात मावला. त्या दिवशी जेवायला तीनदा हाक मारावी लागली म्हणे.

हेच अंतर इतर तारांच्या जोड्यांवर का जुळत नाही, हे शोधताना ट्यूनिंगमधली ती प्रसिद्ध वाकडी जागा नीट कळली. शेजारच्या तारांत पाच-पाच सेमीटोन, फक्त तिसरी आणि दुसरीत चार. बेरीज २४, म्हणून दोन्ही टोकांना ई आणि मधे बरोबर दोन सप्तकं. सगळीकडे पाच असते तर पहिली तार एफ झाली असती, आणि एका तर्जनीने सहा तारा दाबून वाजवायच्या बारे कॉर्डचं काही खरं नव्हतं.

आता माझी फजिती. जी मेजरमधला ग आणखी गोड करावा म्हणून ट्यूनर बाजूला ठेवून दुसरी तार कानाने किंचित उतरवली. जी अमृत लागला. पुढची कॉर्ड ई मेजर, आणि तिच्यात तीच तार पंचम असते. पंचम पडलेला! दोन संध्याकाळी मी तार वर-खाली करत होते. दोघांना खूश करणारी जागा नाही, कारण सप्तकाचे समान बारा भाग करणाऱ्या फ्रेटांवरचा शुद्ध ग निसर्गाच्या गपेक्षा १४ सेंट (सेमीटोनचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) चढा असतो.

हे कानाने पडताळता येतं, जरूर करून बघा. सहाव्या तारेला चौथ्या फ्रेटच्या पट्टीच्या किंचित अलीकडे, नटाच्या (दांडीच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) बाजूला, बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे तारेतला उपस्वर, काढा. ४१२ हर्ट्झचा जी शार्प मिळेल. तो विरायच्या आत पहिली तार चौथ्या फ्रेटवर दाबून वाजवा, हा ४१५. दोन्ही मिळून सेकंदाला साधारण तीनदा लाट येते, वाऊ-वाऊ-वाऊ. पहिला जो आहे तो तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येणारा स्वयंभू गांधार. माझ्या सहाव्या तारेत तो पहिल्या दिवसापासून होता आणि मी फ्रेटवरच्या गला प्रमाण मानत होते.

तारेचा सूर ताणून फक्त वर जातो, खाली येत नाही. त्यामुळे शुद्ध गच्या फ्रेटवरून स्वयंभू गांधार गाठताच येत नाही. कोमल गवरून चढायचं आणि पूर्ण वर जायच्या आत थांबायचं. मोकळ्या पाचव्या तारेचा ए हा सा, तिसरी तार पाचव्या फ्रेटवर म्हणजे कोमल ग, तिथून अनामिकेने तार ढकलायची, मागे दोन बोटांचा आधार. कधी अर्ध्यातच थांबते. तिथे जो सूर आहे त्याला मेजर म्हणता येत नाही, मायनरही नाही, आणि सध्या मला दुसरं काही वाजवावंसं वाटत नाही. शेजारच्यांच्या सहनशक्तीला नमस्कार.

सेव्हन्थ कॉर्डना, म्हणजे ज्यांत निही असतो त्यांना, जेमतेम हात लावलाय. जी सेव्हनमध्ये सहावी तिसऱ्यावर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर, बाकी तारा मुक्या. पंचम गाळला तरी कोणाला पत्ता लागत नाही, इतकंच आत्तापुरतं.

हातात आहे ती आठ आवर्तनांची एक छोटी चीज, डीच्या तंबोऱ्यावरच. सहा आवर्तनं ग लावतच नाही, रे आणि म वरच रेंगाळते. सातव्यात कोमल ग, आठव्यात तर्जनी न उचलता घसरून शुद्ध ग. परवा मैत्रिणीला ऐकवली तर पाचव्या आवर्तनाला तिने विचारलं, "हे दुःखी आहे का?" मी वाजवता वाजवता म्हटलं, "थांब ना जरा." तेवढ्यात ताल सुटला आणि आठवं आवर्तन आलंच नाही.

घसरताना तर्जनीचं नख दुसऱ्या तारेला लागतं आणि वरचा सा मरतो, हे अजून सुटलेलं नाही. नख कापून झालं, कोन बदलून झाला. तिसरी आणि दुसरी तार दुसऱ्या कुठल्या बोटांवर सोपवून कोणी हे जमवलं असेल तर सांगा.